माझ्या नावाखाली तुझं नाव

प्रिय आई,

नमस्कार. आधीच सांगते, बातमी चांगली आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं. जरासा खोकला आहे, पण तो कुणाला नसतो!

मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या सिनेमांत पडद्याखाली मराठी अक्षरं येतात ना, ती आता मी लिहिते. एक बाई युद्धावर सिनेमा काढते आणि मुलांना खदखदून हसवणाराही काढते. एक म्हातारबुवा आहेत. त्यांच्या एका सिनेमात नुसती हाणामारी, तर दुसऱ्यात एक आई मटार सोलत मुलाची वाट बघते. तुझी भाजी रोज वेगळी असली तरी हात ओळखू येतो, अगदी तसं.

तो मुलगा नोकरी घालवून घरी येतो. आईच्या तोंडी मी लिहिलं, "काय दिवे लावलेस ते दिसलं!" त्याचा शब्दशः अर्थ कळल्यावर म्हातारबुवा चक्रावले. "माझ्या दृश्यात दिवा कुठेय?" मी खरा अर्थ सांगितला, तर पोट धरून हसले. "हे कुणाचं?" म्हणाले. मी म्हटलं, "आमच्या आईचं." त्यांनी लगेच तुझं नाव लिहून घेतलं.

सिनेमा तिकडेही येतोय. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, अक्षरं बारीक असतात. दादा नेईल ना तुला? आणि सिनेमा संपला म्हणून पिशवी उचलून निघू नकोस. अगदी शेवटी माझ्या नावाखाली तुझं नाव येतं.

आता सांग, लावले ना दिवे?

तुझीच,
धाकटी