दोनशे कोरी प्रमाणपत्रे

३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. मी जेवते, वेळेवर झोपते आणि चष्मा पुसते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदमच दिली.

आता काळजीची बातमी. पुढच्या आठवड्यात आमच्या कारखान्यात दोन पाहुणे येत आहेत. प्रसूतिगृहांना साहित्य पुरवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे ते अधिकारी आहेत आणि तान्ह्या बाळांचे वजन करण्याचे दोनशे काटे त्यांना हवे आहेत. दिवसा ते इतर कारखाने पाहणार आणि काही संध्याकाळी आमच्या साहेबांबरोबर जेवणार. साहेबांच्या पत्नी परगावी आहेत, म्हणून टेबलावरचे चौथे माणूस म्हणून माझी निवड झाली आहे. माझी भाषा स्वच्छ आहे, असे साहेब म्हणाले. भाषा स्वच्छ असणे वेगळे आणि ती तोंडातून बाहेर येणे वेगळे, हे त्यांना कसे सांगावे?

माझी उमेदवारी या महिनाअखेर संपते. पाहुणे समाधानाने गेले, तर कायम नेमणुकीच्या पत्रावर सही होईल, असे साहेबांनी स्पष्टच सांगितले. न गेले तर काय, ते सांगितले नाही. तू तीस वर्षे हॉटेलच्या भोजनगृहाची व्यवस्था पाहिलीस. मला काहीतरी शिकव, आणि लवकर शिकव.

तुझ्या मायेची नेहमीच भुकेली,
शाई

५ ऑक्टोबर

चि. शाईबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. घरी कुणी आलं की कपाटामागे पुस्तक घेऊन बसणारी मुलगी आता पाहुण्यांची सरबराई करणार! असो.

नीट ऐक. पाहुण्याच्या चेहऱ्याकडे बघू नकोस, चेहरे शिकवलेले असतात. पेल्याकडे बघ. पेला भराभर रिकामा होतोय, म्हणजे तो कंटाळलाय, विषय बदल. पेला भरलेलाच राहिला, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी विचारायचं आहे, तेव्हा जपून. तू स्वतः होऊन काही काढू नकोस. प्रवास कसा झाला, हवा कशी वाटते, मुलंबाळं काय करतात, एवढ्यावर माणसं तास तास बोलतात.

आणि विचारलंच तर थोडक्यात सांग. परीक्षेत तू पुरवण्यांवर पुरवण्या जोडायचीस, म्हणून बाई तुला डोक्यावर घ्यायच्या. जेवणाच्या टेबलावर पुरवणी मिळत नाही, हे लक्षात ठेव.

निळी साडी नेस. करडीत तू भिंतीसारखी दिसतेस.

लोभ आहेच, तो मागावा लागू नये,
तुझी आत्या

९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली संध्याकाळ निभावली. नदीकाठच्या रस्त्यावरून पाहुण्यांच्या हॉटेलात चालत गेलो. इकडे डोंगरात थंडी लवकर येते; झाडांची पाने गळायला लागली आहेत आणि दिवे लवकर लागतात. धाकटे पाहुणे बोलघेवडे आहेत, त्यांचा पेला सतत रिकामा. थोरले पाहुणे साठीचे, शांत, व्यवसायाने अभियंता. त्यांनी माझ्या वाचनाची चौकशी केली आणि मी चक्क दहा मिनिटे बोलले. साहेब प्रसन्न होते.

काल दुसरी संध्याकाळ. काचेच्या व्हरांड्यात बसलो होतो. थोरल्यांचा पेला अर्धा तास तसाच होता, आत्या. मी पाहिले होते. तरीही सावध राहिले नाही. त्यांनी सहज विचारले की मी कारखान्यात नेमके काय करते. मी सांगितले की प्रत्येक काटा तपासणीच्या खोलीत प्रमाणित वजने ठेवून पारखतात आणि मी त्याचे प्रमाणपत्र लिहून खाली सही करते. रोज किती होतात, असे त्यांनी विचारले. येथे ‘बरीच’ म्हणून थांबायचे होते. मी म्हणाले की पूर्वी रोज तीस व्हायची, पण गेले तीन आठवडे एकही झालेले नाही. खोलीचे शीतयंत्र बिघडले आहे, तापमान स्थिर राहत नाही, आणि तापमान स्थिर नसेल तर काट्यातली स्प्रिंग खरे वजन दाखवत नाही. सुटा भाग यायला अजून महिना लागेल, हेही मीच सांगितले. पुरवणी जोडली मी.

मग साहेबांनी हवेचा विषय काढला.

आज सकाळी साहेबांनी मला टंकलिखित चिठ्ठी दिली. तिच्यात एकच वाक्य आहे: मी सांगितले ते जुन्या खोलीविषयी होते, नव्या खोलीत काम नियमित चालू आहे. हे मी बारा तारखेच्या जेवणात, सहज आठवल्यासारखे, म्हणायचे आहे. तेरा तारखेला करार आहे.

नवी खोली नाही, आत्या. काटे न तपासताच पाठवायचे ठरले आहे. काय करू, ते उलट टपाली कळव.

घाबरलेली,
शाई

११ ऑक्टोबर

चि. शाईबाईस,
अ. उ. आ.

उलट टपाली लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर क्षमा कर.

ते वाक्य म्हणून टाक. तुला कडू वाटेल, पण ऐक. आचारी अंथरुणाला खिळलेला असताना तो स्वतः रांधतोय, असं मी हसत सांगितलं आहे. पडदे जळले होते तेव्हा ते धुवायला दिलेत, असं सांगितलं आहे. यजमानाची अब्रू झाकणं हीच आपली नोकरी असते. कारखाना त्यांचा, करार त्यांचा, जबाबदारीही त्यांची. तू फक्त टेबलावरचं चौथं माणूस.

आणि इथे परत येऊन काय करशील? चार मुलांच्या शिकवण्या आणि माझी औषधं, याशिवाय या गावात तुझ्यासाठी आहे काय? दोन वर्षं अर्ज करून ही जागा मिळाली आहे. ती घालवू नकोस, एवढं माझं मागणं.

जीव तुझ्यापाशी ठेवून,
तुझी आत्या

१३ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

म्हटले. पाठांतर माझे पहिल्यापासून चांगले आहे. एकही शब्द चुकला नाही. धाकटे पाहुणे हसून म्हणाले की त्यांना वाटलेच होते. थोरल्यांनी मान हलवली आणि पेला उचलून एका दमात रिकामा केला. त्यांना किती बरे वाटले, ते मला त्या पेल्यावरून कळले.

मग त्यांनी मला, जणू माझ्यावर भार टाकल्याची भरपाई म्हणून, विचारण्यामागचे कारण सांगितले. मागे एका पुरवठादाराचे काटे शंभर ग्रॅम जास्त दाखवत होते. एका प्रसूतिगृहाने अशक्त बाळाला वजन भरले म्हणून घरी पाठवले. पुढचे त्यांनी सांगितले नाही. धाकट्यांनी ताबडतोब गोडाचे मागवले.

आज करार झाला. माझे कायम नेमणुकीचे पत्रही झाले. ते समोरच आहे. त्याच्या शेजारी साहेबांनी दोनशे कोरी प्रमाणपत्रे ठेवली आहेत. मागच्या तारखा घालून मी ती भरायची आणि सह्या करायच्या, वीस तारखेपर्यंत. पाहुणे एकोणीसला निघतील; अठराला निरोपाचे जेवण आहे.

मला तू रागावलीस तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

शाई

१५ ऑक्टोबर

चि. शाईस,
अ. उ. आ.

रागावले नाही. तुझं पत्र उशीखाली ठेवून दोन दिवस काढले असते, पण टपालाला तेवढा वेळ नाही.

मागच्या पत्रात मी शहाणपण पाजळलं, ते ताटवाट्यांचं होतं. आचारी आजारी असला तरी जेवण जेवणच होतं, कुणाचं काही बिघडलं नाही. तू विचारलंस ते वेगळं होतं आणि मी आपलं जुनंच उत्तर दिलं.

खरं सांगते, तीस वर्षांत माझी सही कुणीच मागितली नाही. हसणं मागितलं, उभं राहणं मागितलं. सहीचं काय करायचं, ते मला माहीत नाही. ते तुलाच जास्त कळतं. तू जे करशील, त्यानंतरही मी तुझी आत्याच.

आशीर्वाद अपुरे पडू नयेत,
आत्या

१९ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल निरोपाचे जेवण झाले. सहा वाजताच अंधारले होते आणि व्हरांड्यात शेकोटी पेटवली होती. साहेब नव्या खोलीचे कौतुक करत होते. खोली सहा दिवसांत बरीच वाढली होती. मी त्यांचे बोलणे संपेपर्यंत थांबले, आणि थोरल्यांकडे बघून एवढेच म्हणाले, “नवी खोली नाही. बारा तारखेला मी खोटे बोलले.”

या वेळी पुरवणी जोडली नाही.

थोरल्यांनी पिशवीतून करार काढला, काटे पाठवण्याची तारीख खोडली, तीन महिने पुढची घातली आणि खाली लिहिले की तपासणीच्या वेळी त्यांचा माणूस खोलीत उभा राहील. मग लेखणी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी बऱ्याच वेळाने सही केली. म्हणजे कारखान्याचे काम गेले नाही, आत्या. त्याची मला सर्वांत जास्त भीती होती.

माझे मात्र गेले. आज सकाळी साहेबांनी नेमणुकीचे पत्र परत मागितले. ते ओरडले नाहीत. चारचौघांत सांगण्याऐवजी मी त्यांना एकट्यांना का सांगितले नाही, एवढेच विचारले. मी त्यांच्या टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यातून एक पाकीट काढून दिले. न तपासलेले काटे बाहेर पाठवू नयेत म्हणून, तपासणी बंद पडली त्या दिवशीच मी त्यांना लिहिलेले दोन पानी पत्र होते ते. अजून फोडलेले नव्हते.

त्यांनी ते माझ्यासमोर फोडले आणि उभ्याने पूर्ण वाचले. नंतर प्रमाणपत्रांचा गठ्ठा कोराच कपाटात ठेवून कुलूप लावले. मला थांब म्हणाले नाहीत.

एकतीसला सकाळच्या गाडीने येते. शिकवणीची चार मुले कुणी घेतली नसतील, तर त्यांना सांगून ठेव.

तुझ्या दाराशी येणारी,
शाई