कल्हई गेलेलं तपेलं

बाई, माझी नात परवा भीमाशंकरच्या जंगलात दोन दिवस तंबूत राहून आली. चेन लावलेला तंबू, आत गादी, जेवायला स्टीलच्या टेबलावर मांडलेलं सगळं तयार, आणि वर हे सगळं किती साधं, किती रानटी होतं म्हणून कौतुक. मोबाइलवर फोटो दाखवता दाखवता मला म्हणाली, "नानी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" मी म्हटलं, होतं की. आमच्या शाळेतल्या बाईंनी नेलं होतं आम्हाला, स्वातंत्र्याला जेमतेम आठ-नऊ वर्षं झाली होती तेव्हा, वीस-बावीस मुलींना, जुन्नरहून. तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, "काय ग्रेट असतील तुमच्या बाई." झालं, माझ्या अंगाची लाही लाही झाली. ग्रेट. जो तो हेच म्हणतो. तुम्ही गेलात तेव्हा शाळेत शोकसभा झाली, त्यात माइक हातात घेऊन मीही हेच म्हटलं होतं, आणि घरी आल्यावर माझं मलाच जेवण गेलं नव्हतं. इतकी वर्षं मूग गिळून बसले. आज मात्र बोलणार आहे. तुम्हाला ऐकायचं नसलं तरी बोलणार आहे.

तुमचं जे चांगलं होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागाहून मध्ये मध्ये आठवून माझा राग पातळ व्हायला नको. तुम्ही आमच्या घरी आला होतात. बाजाराच्या कोपऱ्यावर अब्बांचं कल्हईचं दुकान, दुकान कसलं, एक पडवी, जमिनीत भट्टी आणि चामड्याचा भाता, आणि मागे आम्ही राहायचो. अम्मी नाही म्हणत होती. मुलीची जात, जंगल, कोण बघणार. तुम्ही उंबऱ्यावर बसलात, आमच्या घरचा चहा घेतलात, आणि कप खाली ठेवून म्हणालात, "मी बघणार." दुसऱ्या मुलींच्या घरचे शाळेत आले, आमची मुलगी हिच्याबरोबर जेवायला कशी बसेल म्हणून. त्यांना तुम्ही म्हणालात, शिबिरात एकच पंगत असेल, ज्यांना चालत नाही त्यांनी पाठवू नये. वर मला वाढपी केलंत. कल्हईवाल्याची पोर सगळ्या पंगतीला आमटी वाढणार, हे तुम्ही ठरवलंत आणि निभावलंत. हे सगळं मला मान्य आहे. म्हणून तर पुढचं जास्त लागतं.

शिबिराची दोन पितळी पातेली अब्बांनी आठवडाभर आधी कल्हई करून दिली होती. अजून दिसतं मला. पातेलं भट्टीवर कडकडीत तापलेलं, त्यात चिमूटभर नवसागर, पांढरा धूर, नाकाला झोंबणारा, मग कथलाची काडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गरकन फिरवायचं. आतून चांदी उतरल्यासारखं दिसायचं. मला वाटायचं, जगात यापेक्षा भारी काम नाही. पण निघायच्या सकाळी कुणाच्या तरी घरून एक मोठं तपेलं आलं, लग्नकार्यातलं, माळ्यावर पडलेलं. ते तसंच सामानाच्या हातगाडीवर बांधलं. अब्बा मला सोडायला आले होते. त्यांनी झाकण काढून नुसतं आत बोट फिरवलं आणि तुमच्याकडे आले. "बाई, ह्याची कल्हई पार गेलीय. अर्धा तास द्या मला, भट्टी पेटलेलीच हाय." तुम्ही घड्याळ बघितलंत. एस.टी. चुकेल म्हणालात. आणि म्हणालात, "त्यात आम्ही फक्त अंघोळीचं पाणी तापवू." अब्बा बरं म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, पण महत्त्वाचं काही असलं की अब्बा मराठीत बोलायचे, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "त्यात आंबट घालू देऊ नगंस. चिंच न्हाई, ताक न्हाई. काय बी झालं तरी." मी मान हलवली.

घोडेगावपर्यंत एस.टी., तिथून बैलगाड्या, शेवटची चढण पायी. जागा तुम्ही झकास शोधली होतीत, ते कबूल. जांभळीच्या दाट झाडांमधला मोकळा तुकडा, शेजारी झरा, जंगल खात्याची एक मोडकी चौकी आणि तिच्या भिंतीला टेकून ताडपत्र्या ताणलेल्या. अंथरायला भाताचा पेंढा. तीन दगडांची चूल. वर झाडातून शेकरू लांबलचक शेपूट सोडून धावायचं आणि सगळ्या मुली माना वर करून उभ्या. गारठा असा की झऱ्याच्या पाण्यात हात घातला तर बोटं सापडेनात. जवळच्या वाडीतली एक बाई दूध घेऊन यायची, नाचणीच्या भाकरीही तीच थापून द्यायची. पहिला दिवस मी आयुष्यात विसरले नाही. मी चुलीपाशी होते, मुली माझ्या हातचं पाणी पीत होत्या, कुणी काही म्हणत नव्हतं. मला वाटलं होतं, जग बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ठरवलंत की स्वयंपाक आधीच उरकून सगळ्यांनी कड्यापर्यंत जाऊन यायचं आणि आल्यावर जेवायचं. एका पातेल्यात भात होता, दुसऱ्यात प्यायचं पाणी. आमटीला भांडं उरलं नाही. तुम्ही बरोबर आलेल्या शाळेच्या शिपाईमामांना तपेलं चढवायला सांगितलंत. डाळ शिजली, तुम्ही चिंचेचा कोळ करायला घेतलात, आणि मी पुढे झाले. म्हटलं, बाई, यात आंबट नको, कल्हई नाही, आमटी कळकेल, पोटाला बाधेल, अब्बांनी सांगितलंय. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. घाई होती, धूर डोळ्यांत जात होता, सगळं समजून घेते मी. पण तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? "शिबिराला आलीयस ना? मग वडिलांचं दुकान जुन्नरलाच ठेवायचं." सगळ्या मुली हसल्या. ज्या मुलींना तुम्ही माझ्या हातचं पाणी प्यायला लावलंत, त्याच मुलींना तुम्ही माझ्यावर हसायला दिलंत, आणि कोळ ओतलात. तपेल्यावर झाकण पडलं आणि आपण कड्याकडे निघालो.

परत यायला दुपार उलटली. आमटी चार-पाच तास त्या पितळेत बसून होती. गरम केली, पंगत बसली, मी वाढलं. तास-दीड तासात एकेक मुलगी पोट धरून झाडामागे. उलट्या, मळमळ, रडारड. अर्ध्या मुली पेंढ्यावर आडव्या. आणि तुमची अवस्था सगळ्यांत वाईट. तोंडाला कोरड, डोळे आत गेलेले, उभं राहता येईना. मला काही झालं नाही, मी भाकरी मिठाबरोबर खाल्ली होती. तिन्हीसांजेच्या आधी दूधवाली आली, तिने तपेलं उचलून उजेडात धरलं, नखाने आत खरवडलं आणि तुमच्यासमोर बसून म्हणाली, "आवं बाई, ह्याला कल्हईचा टिपूस न्हाई. हिरवं झालंय बगा आतनं. ह्यात आंबट कुणी केलं?" तुम्ही ते ऐकलंत. शुद्धीत होतात तुम्ही. दुसऱ्या दिवशी तिच्याच वाडीतल्या चौघांनी तुम्हाला डोलीतून खाली उतरवलं.

तुम्ही पंधरा दिवस घरी पडून होतात आणि तेवढ्यात जुन्नरभर बभ्रा झाला. शिबिराची भांडी कुणी केली होती? कल्हईवाल्याने. मग त्याने पैसे वाचवायला कथलात विषारी शिसं मिसळलं असणार. कल्हईवाल्यावर यापेक्षा वाईट आळ नाही, बाई. चोर म्हटलेलं परवडतं. अब्बांच्या पडवीत बायका पातेली परत न्यायला येऊ लागल्या, कल्हई न केलेलीच. कुणी तोंडावर बोलायचं नाही, नुसतं "राहू द्या, घाई न्हाई." अम्मी रडायची. अब्बा भाता झाकून बसायचे आणि म्हणायचे, "आपलं कोण ऐकतंय? बाई बऱ्या व्हवू दे. बाई शिकलेल्या हायत. बाई सांगतील."

तुम्ही बऱ्या झालात. शाळेत पालकांची बैठक झाली. मी बाहेर खिडकीशी उभी होते. कुणीतरी सरळच विचारलं, भांड्यांना कल्हई होती का? आणि तुम्ही म्हणालात, "भांडी कल्हई करूनच नेली होती." बस. एवढंच. म्हणजे दोष कल्हईचाच ठरला. खोटं नव्हतं ते, दोन पातेली केलेलीच होती. तिसऱ्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत. अब्बांनी अर्धा तास मागितला होता हे तुम्ही सांगितलं नाहीत, मी बोलले होते हे सांगितलं नाहीत. बोलताना तुमची नजर खिडकीकडे गेली, मी दिसले, आणि तुम्ही खाली बघितलंत. तुम्ही असं का केलंत ते मला कळत होतं. चूक तुमची ठरली असती तर मुलींची शिबिरं तिथेच संपली असती, एका पंगतीचं तर नावच नको. मुलींसाठी केलंत, असं तुम्ही स्वतःला सांगितलं असणार. मग मी कोण होते? मी मुलगी नव्हते?

बाजारातली पडवी गेली. अब्बांनी भाता खांद्यावर टाकला आणि गावोगाव फिरायला लागले. बोरी बुद्रुक, महाळुंगे पडवळ, जिथे कुणी ओळखत नाही तिथे. झाडाखाली खड्डा करून भट्टी लावायची आणि हाळी द्यायची. ज्या माणसाकडे लोक भांडी घेऊन यायचे, तो लोकांच्या दारात ओरडत हिंडायला लागला. आणि तुम्ही? तुम्ही मला सातवीच्या फायनलनंतर मास्तरकीच्या ट्रेनिंगला घातलंत, स्वतः अर्ज लिहिलात, स्वतः पुण्याला सोडायला आलात. स्वतःची लोकरीची शाल दिलीत. मी मास्तरीण झाले ती तुमच्यामुळे. लोक म्हणाले, पोरीचं कल्याण केलं बाईंनी. अब्बासुद्धा म्हणाले. मला त्या शालीत कधी ऊब वाटली नाही, पण मी ती पांघरली, कारण दुसरी नव्हती. असं उपकार करून माणसाचं तोंड बंद करतात का, बाई? एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला. माझ्या ट्रेनिंगपेक्षा कितीतरी स्वस्तात झालं असतं.

अब्बा जाईपर्यंत तुमच्या त्या एका वाक्याची वाट बघत होते. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणाले, "तू येकदा जाऊन बाईंस्नी आठवण कर. त्या इसरल्या असतील." तुम्ही तेव्हा हयात होतात, चार गल्ल्या पलीकडे. मी हो म्हटलं आणि गेले नाही. इतकी तोंडाळ मी, हेडमास्तरांशी भांडले, पंचायतीत भांडले, तुमच्या दारात जाऊन जाब विचारायला मात्र माझे पाय उचलले नाहीत. हे पत्र काही कुठे जायचं नाही. लिहून झालं की त्या शालीच्या घडीत ठेवीन, म्हणून मी का आले नाही, तेवढंही लिहिते. मला भीती होती की तुम्ही उलट एकच प्रश्न विचाराल, वाढताना तुला काहीच कळलं नाही? त्या दुपारी झाकण काढलं तेव्हाच मला कळलं होतं, वास आला होता. कल्हईवाल्याची पोर मी, मला नाही कळणार तर कुणाला. मी बोलले नाही. मुली हसल्या होत्या, आता खा म्हटलं. जास्त कळकलेली तळाशी असते, म्हणून सगळ्यांना वरवरची वाढली. मग तुम्ही ताट पुढे केलंत आणि म्हणालात, "छान झालीय गं, अजून घाल." मी पळी तळापर्यंत घातली, बाई.