अकरावी कॅसेट

एकलहरे, १२ ऑगस्ट २००७

चि. महेश यास सावळीरामकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोनवर भराभर बोलतोस, मी हो-हो म्हणतो आणि कळत काही नाही. म्हणून कागदावर विचारतो.

तुझी काकू आता चालते, तिला समजतं सगळं, फक्त अर्धांगानंतर जीभ वळत नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिला तिचाच जुना आवाज ऐकवा, त्याच्या मागोमाग बोलायला लावा. मी चौऱ्यांशी साली कोराडीला बदलीवर होतो, तेव्हा हिने पत्र लिहायचा कंटाळा करून चौदा कॅसेटी बोलून पाठवल्या होत्या. फिती चिकटायला लागल्या म्हणून त्या कॉम्प्युटरवर उतरवल्यात. पण आपला कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, तिला शब्दाचा शेवटच ऐकू येत नाही. त्यात भारनियमन. जन्मभर वीज बनवली आणि आता सहा-सहा तास आमच्याच दारात वीज नाही. इन्व्हर्टर फक्त तिच्या खोलीला आहे, तो या धुडाला तासभरही पुरत नाही.

तर गप्प बसणारं, थोडी वीज खाणारं आणि हिचा आवाज नीट सांभाळणारं मशीन मिळतं का? वॅट किती ते आधी लिही. हा आवाज गेला तर दुसरा नाही रे.

तुझा काका

पुणे, २० ऑगस्ट २००७

ती. सावळीरामकाकांना सा. न.

मिळतं. त्याला होम सर्व्हर म्हणतात. एका डब्यात सगळं साठवायचं आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ऐकायचं. बिनपंख्याचा बोर्ड पाहून ठेवलाय, तीस वॅटच्या आसपास. आत हार्डडिस्क दोन: एकीवर गेलेलं आपोआप दुसरीवर जातं, एक बिघडली तरी दुसरी आहेच. डिस्कची बारीक गुरगुर राहील, तिच्याखाली रबर लावतो.

एक विनंती. टीव्हीला, मिक्सरला, फोनला घालता तसं विणलेलं कव्हर याला घालू नका. पंखा नाही, त्याला हवा लागते. गणपतीत येतो आणि बसवून देतो. काकूंना नमस्कार.

महेश

एकलहरे, ३० सप्टेंबर २००७

चि. महेश यास आशीर्वाद.

तू गेल्यावर मीटर लावून पाहिला. अठ्ठावीस वॅट. कान टेकवला तरच कळतं की चालू आहे. काकू खूश आहे, तू तिच्या खोलीत ठेवून गेलेल्या लॅपटॉपवर रोज तास-तासभर आपल्याच आवाजामागे तोंड हलवते.

पण माझं मन एका ठिकाणी अडलंय. तुझ्या दोन डिस्का म्हणजे एकाच लाइनीवरचे दोन पंप. प्लँटमध्ये आम्ही त्याला स्टँडबाय म्हणत नव्हतो. कुणी चुकून पुसलं तर दोन्हीकडचं जाईल ना?

काका

पुणे, ८ ऑक्टोबर २००७

ती. काकांना सा. न.

जाईल. दोन्हीकडचं, त्याच क्षणी. हे मी आधीच सांगायला हवं होतं, कान धरतो. बाहेरची एक डिस्क घ्या, तिच्यावर तिसरी प्रत करा आणि ती घरात ठेवूच नका.

महेश

एकलहरे, १८ नोव्हेंबर २००७

चि. महेश यास आशीर्वाद.

तिसरी प्रत दिंडोरीला काकूच्या भावाकडे, नाथाकडे ठेवली. बरं झालं ठेवली, कारण अकरावी कॅसेट मशीनवरून गायब झाली, बाकी तेरा जागेवर. दिंडोरीहून परत आणून चढवली, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. परत चढवली आणि डिस्क नाथाकडे पोचवली. जुनी फीत तर उतरवतानाच तुटली. एकच जागा खराब होते असं असतं का? मला चैन पडत नाही.

ती अकरावी मी रोज ऐकतो. हिची आई गेली तेव्हाची. तार मिळाली होती, पण युनिट दुरुस्तीला उघडलेलं, सुट्टी मिळाली नाही आणि मी भांडलोही नाही. ती त्यात मला फार बोललीय. ते बरोबरच होतं. म्हणून ती जाता कामा नये.

काका

पुणे, २५ नोव्हेंबर २००७

ती. काकांना सा. न.

इथून जेवढं तपासता येतं तेवढं तपासलं. डिस्का ठणठणीत आहेत. कुठून काय पुसलं याची नोंद मशीन ठेवतं. दोन्ही वेळा काकूंच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून पुसलंय. जरा काकूंनाच विचारा.

महेश

एकलहरे, ३ डिसेंबर २००७

चि. महेश,

डाव्या हाताने लिहिते, अक्षराला हसू नकोस. तुझं पत्र आधी माझ्या हातात पडलं.

अकरावी मीच पुसते. शेजारच्या पूजाने शिकवलं, ह्यांना ठाऊक नाही. ती ऐकू नका म्हणून पाटीवर लिहून दिलं होतं, तर म्हणाले, लॉगबुकातलं पान फाडायचं नसतं. अरे, तो राग माझा होता आणि तो चार महिन्यांत गेला. हे तेवीस वर्षांनी रोज शिक्षा घेत बसतात. मला त्यांचं वाईट वाटतं.

परवा दुपारी पहिल्यांदा माझ्या तोंडून नीट शब्द निघाला. अहो, म्हणून हाक मारली. स्वच्छ. पुन्हा मारली. ते शेजारच्या खोलीतच होते, पण कानाला हेडफोन लावून माझी ती जुनी बोलणी ऐकत होते. मी उठून त्यांच्याजवळ जाईपर्यंत जीभ पुन्हा जड झाली.

म्हणून इथली मी पुसतेच, नाथाकडची प्रत तू येशील तेव्हा पूस. बाकी तेरा राहू देत, मला लागतात. मी पुन्हा हाक मारणार आहे, तेव्हा त्यांचे कान मोकळे पाहिजेत.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी काकू
चतुराबाई