उद्या तू आधी, मी नंतर

लाडक्या मामा,

उद्या त्या ऑफिस बिल्डिंगच्या मालकासमोर आधी तू बोलणार, मग मी. सगळे मजले भाड्याने द्यायचं काम आपल्यापैकी एकाच्याच कंपनीला मिळणार. तुझी कंपनी सोडून मी दुसरीकडे टीम लीडर झाले, तेव्हा तू म्हणालास, "खुशाल जा. पण मला आडवी आलीस तर सोडणार नाही हं!" आले बघ आडवी.

आई सकाळपासून मागे लागलीय, "अगं, या वेळी मामाला घेऊ दे. हे काम गेलं तर त्याला ऑफिस बंद करावं लागेल." मला माहितीये. म्हणून तर हे लिहायला बसलेय.

पण मी मुद्दाम पडतं घेतलं, तर तू दोन मिनिटांत ओळखशील. आठवतं? माझ्या पहिल्याच गिऱ्हाईकाला जागा दाखवताना मी त्याने न विचारताच सांगून टाकलं, की इथे दुपारी एसी पुरत नाही. तो पळाला. सगळे फिदीफिदी हसले. तू म्हणालास, "हसू नका. पुढची जागा शोधताना तो हिलाच फोन करेल." आणि केला की! आता तुझ्याशीच खोटं कशी खेळू?

हे पाठवत नाहीये. तू म्हणशील, मला मऊ करायचा डाव आहे. उद्या मी जीव तोडून बोलणार आहे. फक्त एकच प्रॉब्लेम आहे. काही मोठं जिंकलं की पहिला फोन मी तुलाच करते. उद्या जिंकले तर कोणाला करू?

तुझीच,
बडबडी