जिन्याला वीस, चाळणीला चार

तीर्थरूप मावशीस,

इथूनच वाकून नमस्कार. (जपून वाकलो. कंबर सध्या नाजूक आहे, कारण पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघे? खोकला? खोकल्याचं नीट कळव, नेहमीसारखं 'बरी आहे' लिहून मोकळी होऊ नकोस. आम्ही दोघंही ठीक. म्हणजे तुझी भाचेसून स्वतःला ठीक म्हणते आणि मला मात्र कोणीच ठीक म्हणत नाही.

तर, ज्या कारखान्यात तू तीस वर्षं औषधाची पूड चाळलीस, तिथे मला बढती मिळाली. आता मी सुरक्षा अधिकारी. कुठे काय बिघडेल याची दिवसभर काळजी करायची, हेच काम. (तुझ्याकडे राहायला आलो की गॅस बंद आहे ना, हे मी तीनतीनदा बघून यायचो, आठवतं? तेव्हा तुम्ही हसायचात.) साहेबांनी सांगितलं, सगळ्या धोक्यांची यादी कर आणि गुण दे. इजा किती मोठी होईल याला पाचपैकी, किती वेळा होते याला पाचपैकी, मग दोन्हींचा गुणाकार. ज्याला जास्त गुण, ते आधी दुरुस्त. मी आठ दिवस वही घेऊन वणवण केली, त्रेचाळीस धोके शोधले आणि प्रत्येकाला पंचवीस दिले. अगं, काय करू? पेट घेणाऱ्या द्रावणाच्या पिंपाशी ठिणगी पडली तर माणसं जातील, हे खरंच. (त्या पिंपाचा बंदोबस्त गेल्याच वर्षी झालाय, हे मला नंतर कळलं.) पण कॅन्टीनच्या डुगडुगत्या खुर्चीवरून कोणी मागे कोसळलं आणि डोकं आपटलं तर? मला तर चमचा बघूनही धडकी भरते. साहेबांनी यादी पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली आणि शांतपणे विचारलं की सगळंच पहिलं असेल तर हात कुठे घालायचा. यंदा मोठं काम एकच होणार, तेव्हा भीतीनं नको, अपघात-आजारांची नोंदवही बघून गुण दे, म्हणाले.

मग मी नोंदवहीप्रमाणे निघालो आणि तिथेच घात झाला. जिन्याची पाहणी करताना, 'सावकाश चाला' ही पाटी हातात धरून, मी सुरक्षा समितीच्या डोळ्यांदेखत सात पायऱ्या बसूनच उतरलो. दुसऱ्या दिवशी नेमका कुठे घसरलो ते दाखवायला गेलो, आणि दाखवलंच. तिसऱ्या दिवशी पायरी मोजायला गेलो होतो, त्याबद्दल विचारू नकोस. नियम म्हणजे नियम, तिन्ही नोंदी मी स्वतः केल्या. एका महिन्यात तीन अपघात! जिन्याला चार पंचे वीस मिळाले आणि तो यादीत पहिला आला.

आणि तुझी चाळणीची खोली? पूड छातीत जाते, म्हणून इजेला चार. किती वेळा? नोंदवहीत त्या खोलीच्या पानावर एक अक्षर नाही. इतक्या वर्षांत एकाही बाईला साधा खोकलासुद्धा नाही! म्हणून एक. चार एके चार, खालून तिसरी. तिच्याखाली खुर्ची आणि चमचा. आज तिथे तुझ्याच जागेवर तुझी भाचेसून उभी असते, मावशी. धूळ ओढून घेणारं यंत्र तिथे बसवायचं की जिन्याला नवी फरशी, हे पुढच्या सोमवारी ठरणार. मी आपल्या मनानं गुण वाढवले तर लोक म्हणतील, बघा, बायकोच्या खोलीला दिले. माझी झोप उडाली आहे. घरात मी कुकरला बारा दिले, ओल्या मोरीला पंधरा. हिनं मला पंचवीस दिले आणि स्वयंपाकघरातून हाकललं.

काकांना नमस्कार. स्टुलावर चढू नका म्हणावं.

तुझा घाबरट भाचा

ता. क. खुर्ची मीच बदलली. नवीही डुगडुगते.

ता. क. दुसरा. सुरुवातीला खोकल्याचं विचारलं ते रीत म्हणून नव्हे. परवा हिच्या पर्समध्ये लवंगांची डबी सापडली. दरवर्षीच्या तपासणीआधी दाढेखाली लवंग धरायची, म्हणजे डॉक्टरांसमोर ढास येत नाही, हे मावशींनीच शिकवलं म्हणाली. खोकला निघाला की खोली बदलतात, मैत्रिणी सुटतात, 'हिला झेपलं नाही' म्हणतात, हे मला कळतं गं. पण म्हणूनच ते पान कोरं आहे. रागावू नकोस. तुझा खोकला कोणत्या वर्षापासून आहे, तेवढं सहीनिशी लिहून पाठव. तुझ्या वेळच्या मैत्रिणींनाही विचार. जिन्याच्या तीन नोंदी आहेत, मला चार हव्यात. सोमवारच्या आत.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करण्याआधी हिनं पत्र वाचलं. आता माझी धडगत नाही असं वाटलं. तिनं पत्र खाली ठेवलं. बराच वेळ खोकली, न लपवता. मग म्हणाली, "चार नको, तीन मागा. एक माझी लिहा."