कृष्णरावांशी भांडण्याबद्दल

इंदूर, संक्रांतीनंतरचा सोमवार

तीर्थरूप दादास लीलेचा साष्टांग नमस्कार. मनोरमावहिनींचा गुडघा कसा आहे? तिळाच्या वड्या पोचल्या असतील. कडक झाल्यात, मला ठाऊक आहे. वहिनींनी मोठ्या मनाने तसं कळवू नये. ह्यांची मिल बंद झाली ती बंदच आहे, पण पैशाकरता लिहिते आहे असं समजू नकोस. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडेच येतात आणि यंदा लग्नं भरपूर आहेत.

तर तुझ्या मेहुण्यांनी मंडळ काढलंय. 'परंपरा विचार मंडळ'. (नुसत्या नावावर किती बैठका झाल्या विचारू नकोस, चहा माझा होता.) अध्यक्ष हे, आणि सभासद दोन. एक मालोजीराव, आजोबा होळकरांच्या पदरी होते एवढ्या भांडवलावर अजून मिशा पिळतात. दुसरे प्रतापराव, राजवाड्यामागचे कापडवाले, ज्यांच्या मुलाने हल्लीच रंगीत टीव्हीचं दुकान टाकलंय. वाद एकच, खरा परंपरावादी कोण. मालोजीराव म्हणतात, आहे त्याला हात लावायचा नाही आणि परदेशी माल गल्लीत शिरू द्यायचा नाही. प्रतापराव म्हणतात, अरे भिया, जमाना बदल गया, बाजार मोकळा सोडा, ज्याच्यात दम तो टिकेल, देवघर आपापल्या घरात सांभाळा, आजची परंपरा हीच. (मी स्वयंपाकघरातून विचारलं, ज्याच्यात दम नाही त्याने देवघर कुणाच्या घरात ठेवायचं? पण आतून बोललेलं कोणी टिपून घेत नाही.) ह्यांचं म्हणणं तुला पाठ आहे. सूत तुटलं तर जोडायचं, कापडाचं थान फेकायचं नाही. जन्मभर मिलच्या सूतखात्यात जॉबरची मुकादमी करत तेच केलं, देशाचंही तसंच करा म्हणतात. त्यावर तू म्हणायचास, सूतच सडकं असेल तर? की झाली सुरुवात! माझं लग्न झाल्यापासून प्रत्येक दिवाळी तुम्हा दोघांच्या ह्याच भांडणात गेली. फराळ कसा झालाय हे आजतागायत कोणी सांगितलं नाही.

संक्रांतीला मंडळाचं उद्घाटन होतं. मालोजीरावांनी मठ्ठ्याची घागर आणली. प्रतापरावांनी नव्या विदेशी कोलाची खोकी आणली. मालोजीराव हात पसरून खोक्यांपुढे उभे राहिले आणि संस्कृतीवर असे काही ओरडले की त्यांना उचकी लागली. उचकी थांबेना, पाणी कुठे सापडेना, शेवटी कोणीतरी बाटली तोंडाला लावली. गटागटा प्यायले आणि म्हणाले, हे औषध म्हणून घेतलंय! इकडे प्रतापरावांनी फुशारकीने दोन बाटल्या रिचवल्या, त्यांच्या पोटात आग पडली, ते गुपचूप घागरीपाशी जाऊन मठ्ठा पीत होते. सगळा हॉल हसला. मग दोघे एकमेकांना नकली म्हणत तावातावाने अध्यक्षांकडे वळले, आता तुम्हीच निकाल द्या.

मी पदर सावरून बसले. म्हटलं, आता हे दोघांनाही सोलून काढणार. हे उठले, हळूच म्हणाले, "दोघांचंही पटतंय," आणि बसले.

दादा, हे म्हणाले, पटतंय! ह्या माणसाला आमचं लग्न जुळवणाऱ्या ज्योतिष्याचंसुद्धा कधी पटलं नाही! मग माझ्या ध्यानात आलं, हे बरेच दिवस चाललंय. मी भाजीत मीठ विसरले तरी छान म्हणतात. शेजारचा भोंगा कानाशी वाजतो, तर म्हणे असू दे.

घरी आल्यावर मी हातच धरून बसवलं. मग बोलले. "मिल गेली तेव्हा वाटलं, नुसती नोकरी गेली. दिवाळीत दादासाहेब म्हणाले, कृष्णराव, तुमचं पटलं मला. आजारी माणसाशी कोणी वाद घालत नाही, लीला."

तू मायेने म्हणालास, मला माहीत आहे. मिलच्या फाटकावरचं कुलूप बघून तुझे डोळे भरले होते. मीही आतून म्हटलं होतं, देव दादाचं भलं करो. दोघंही मूर्ख ठरलो आपण. मिल बंद झाली त्या दिवशी मी रडले नाही, परवा मात्र फार रडले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी लीला

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. दादा, तू त्यांच्याशी भांड. चांगलं लांबलचक पत्र लिही. सूत सडकं आहे म्हण. ज्यांना तुम्ही मत दिलंत, त्यांनीच कुलूप लागू दिलं, हेसुद्धा लिही. लागेल त्यांना. लागू दे. फक्त शेवटी 'प्रकृतीला जपा' लिहू नकोस, सगळं फुकट जाईल.

आणखी एक. मी त्यांना थाप मारली आहे की दिवाळीत तुला ताप होता आणि तू भ्रमात बोललास. (वहिनींनाही सांगून ठेव.) ऐकून ह्यांनी टाळी वाजवली, म्हणाले, मला वाटलंच, शुद्धीत असता तर तो माणूस असं बोललाच नसता! सकाळपासून तू अजून न लिहिलेल्या पत्राला उत्तर लिहितायत. मला दोनदा ओरडले, शाईची दौत कुठे ठेवलीस म्हणून. किती बरं वाटलं!

सगळ्यात शेवटचं. सुताच्या वादात बरोबर तेच आहेत, दादा. तुलाही खरंच पटलं असेल. पण हे आपल्या दोघांपैकी कोणी त्यांना कळू द्यायचं नाही.