तुझ्या वाट्याचा अर्धा पाव

ताई,

तुझा पाव पोचला. पोचला म्हणजे काय, तुमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्याने तो फडक्यात गुंडाळून असा दोन्ही हातांवर आणला की शेजारणीला वाटलं आमच्याकडे बाळ झालं. वरून काय त्याचा रंग, काय ती तकाकी! बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच तोंडातून तुला दोन शिव्याही सुटल्या, कारण माझा एकही पाव आजवर असा तांबूस झालेला नाही. मग सुरी लावली. ताई, नुसती सुरी टेकवली आणि अख्ख्या पावाचा भस्सकन भुगा होऊन ओट्यावर पसरला. सून ताटली आणायला गेली ती केरसुणी घेऊन आली. अप्पांनी तो चमच्याने खाल्ला. पाव, चमच्याने! तू कणीक मळलीस की तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवलास?

नमस्कार राहिलाच. तू थोरली, तेव्हा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कारण कंबर धरली आहे आणि राग अजून उतरलेला नाही). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. हे दुकानात बसून लोकांची कुलपं दुरुस्त करतात, सून फोनमध्ये बघून स्वयंपाक करते आणि मी दोघांवर ओरडते. पत्र कशाला लिहिलं म्हणून विचारशील. तर आईचं घर आवरल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, आणि आधी उचलायचीस तेव्हा मधेमधे बोलायचीस. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही. चौथीत शाळा सोडली तरी एवढं मला कळतं.

आता अप्पांचं ऐक. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले, तेव्हापासून त्यांचं जेवण म्हणजे चिमणीचं. शर्टात आणखी एक अप्पा मावतील एवढी जागा झाली आहे. डॉक्टर म्हणाला, मागतील ते द्या, पण खाऊ दे. मी विचारलं, अप्पा, काय करू? तर म्हणाले, तुझ्या आईचा पाव. झालं! जगात एवढे पदार्थ पडलेत, पण नाही. (तुलाही त्यांनी हेच सांगितलं असणार. तुम्ही दोघं फोनवर काय बोलता ते मी ऐकत नाही, पण ऐकू येतं.) मी म्हटलं, हात्तिच्या, आईचा पाव तर मलाच येतो! हेच मी तुलाही म्हटलं होतं, आईचं घर आवरताना, परात ओढून घेताना. तू पावाचे डबे छातीशी धरलेस आणि म्हणालीस, तुला फक्त बुक्के मारता येतात. मी म्हटलं, तुला फक्त भट्टीसमोर स्टुलावर बसता येतं. तिथून आपलं बोलणं बंद. (आठवण करून देते आहे असं नाही. तू विसरणाऱ्यातली नाहीस.)

तर मी मळायला घेतलं. मळण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मी कणीक आपटायला लागले की खालच्या मजल्यावरचा शिंपी काठीने छत ठोकतो. आई म्हणायची, कानाच्या पाळीसारखी मऊ झाली की थांब. म्हणून स्वतःचा कान धरून धरून बघितलं (शेजारीण दारातून म्हणाली, कोणाची माफी मागताय?). झाली मऊ. फडकं टाकलं. आणि ताई, मी तिथेच खांबासारखी उभी राहिले. फडकं टाकल्यावर पुढे काय होतं, ते मला ठाऊकच नाही! लहानपणी फडकं पडलं रे पडलं की आई मला पाणी आणायला पिटाळायची, आणि मी परत यायचे ती थेट खायला. मधे तू आणि ती आत बसून काय करत होतात, देव जाणे.

पहिला पाव मी तसाच भट्टीत घातला. भट्टी म्हणजे सुनेचा ओव्हन, पण तापला की भट्टीच. निघालेला पाव यांनी हातात घेतला, वाजवून पाहिला आणि म्हणाले, याला किल्ली कुठून लावायची? दुसऱ्या वेळी सून म्हणाली, सासूबाई, कणीक फुगून दुप्पट होऊ द्या, उबेला ठेवा. आता ऊब कुठून आणू? अप्पा नुकते अंथरुणातून उठले होते, त्यांच्या दुलईखाली ठेवली. दर थोड्या वेळाने मी दुलई उचलून बघत होते, बोट घालत होते, एकदा तर कणकेला दम भरला. (कणीक ओरडल्याने फुगत नाही हे मला या वयात कळलं. नवऱ्याला कळेल तेव्हा माझं काय होईल?) तेवढ्यात हे दुकानातून दमून आले आणि पलंगावर बसले. बरोब्बर तिथेच. ती कणीक माझ्यासाठी फुगली नाही, पण यांच्या पँटला चिकटल्यावर, पँट धुवायला टाकेपर्यंत बघ कशी टरारून फुगली!

तिसऱ्यांदा मी खूप थांबले. सून म्हणते चहा उकळेपर्यंतच थांबलात, पण मला तर युग गेल्यासारखं वाटलं. मग राहिलेला वेळ भरून काढायला ओव्हन होता तेवढा चढवला. बाहेरून कोळसा, आतून रबर. अप्पांनी बिचाऱ्यांनी मोठ्या आशेने चावा घेतला, पाव ओढला, आणि कवळी पावातच राहिली. रिकाम्या तोंडाने शांतपणे म्हणतात, अगं, हा मलाच खातोय. यांनी दुकानातली पक्कड आणून कवळी सोडवली.

आणि मग तुझा पाव आला, त्याचा भुगा झाला, ते वर लिहिलंच. पण पुढचं ऐक. चमचा ठेवून अप्पांनी माझा तो तिसरा पाव मागितला. त्याच्या आतला चिवट भाग कोरून काढला, तुझ्या पावाच्या वरच्या सालीचा तुकडा त्यावर ठेवला, चहात बुडवला आणि तोंडात टाकला. कितीतरी वेळ चघळत राहिले. मी केरसुणी धरून उभी. म्हणाले, अर्धी ही, अर्धी ती. आता आली तुमच्या आईची चव. आणि ताई, त्यांनी अजून मागितलं. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा अजून मागितलं.

सुनेचे डोळे भरून आले (तिचे जाहिरात बघूनही भरतात). म्हणाली, आजींनी मुद्दाम दोघींना अर्धं अर्धं शिकवलं असेल, बहिणी कायम एकत्र याव्यात म्हणून! अप्पा म्हणाले, छे गं. दोघी एकदम आत असल्या की भांडी फुटायची, म्हणून एकीला घालवून दुसरीला बोलवायची. एकदाच दोघींनी मिळून पाव केला, ती परात अजून चेपलेली आहे. मी जाऊन बघितलं. आहे चेपलेली. कोणी कोणाला मारली ते अप्पा सांगत नाहीत. मला वाटतं तू.

तर मुद्दा असा. तुझा भुगा आणि माझं रबर असं सांधून म्हाताऱ्याला किती दिवस भरवणार? तू तुझा अर्धा भाग लिहून पाठव. किती थांबायचं, फडक्याखाली काय दिसलं की उठायचं, आच केवढी. आणि ‘अंदाजाने’ असं लिहू नकोस. अंदाज तुझ्या वाट्याला गेला, माझ्या वाट्याला परात आली. बदल्यात माझा भाग देते: मळ. हात दुखले की आणखी मळ. कोणावर राग असला तर फार बरं पडतं, तू मला धर.

तुझी धाकटी

ता. क. पत्र अप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, हिला ‘थांब’ असं कागदावर लिहून दिलंस तर ही कागदच ओव्हनमध्ये घालेल. तेव्हा लिहू नकोस. डबे घे आणि ये. डबे तुझ्याबरोबर परत जातील, मी त्यांच्याकडे बघणारसुद्धा नाही.

आणखी ता. क. यांनी स्टुलाचा डुगडुगणारा पाय बसवला. ओव्हनसमोर ठेवलं आहे. दुसरं कोणी बसलं की मी ओरडते.

शेवटचं. शनिवारी सकाळी मी कणीक मळणार, फडकं टाकणार आणि स्वयंपाकघरातून बाहेर जाणार. मागे वळून बघणार नाही. तू आत नसलीस तर ती फुगत फुगत जिना उतरून शिंप्याच्या दारात जाईल, मग त्याला काय ते तू सांग. गुरुवारपर्यंत मला उत्तर हवं. येणार असलीस तर फोन कर, मी मधे बोलणार नाही (बहुतेक). येणार नसलीस तर पत्र टाक. माझा चष्मा सापडत नाहीये.